पुढच्या सीटवरची घागर

दत्तू अण्णांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसायला गेलो तेव्हा पुढची सीट रिकामी नव्हती. तिथं तांब्याची घागर बसली होती. गळ्यापर्यंत पाणी, तोंड उघडं आणि पोटावरून सीटबेल्ट. मी दार धरून घुटमळलो. अण्णा म्हणाले, "पुढं अक्का बसल्यात. तू मागं बस, तम्मा."

धाकट्या भावाला इकडं तम्मा म्हणतात. मी मागं बसलो. घागरीला अक्का का म्हणायचं, हे विचारायचा धीर झाला नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. हुबळीत काही नवं दिसलं की, शहरात असंच असेल, आपल्याला माहीत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. नवनगरजवळ एका हंपवर, म्हणजे स्पीडब्रेकरवर, गाडी चढली, उतरली, आणि अण्णांनी विचारलं, "सांडलं काय?" माझ्या मांडीवरचा डबा रिकामाच होता, तरी मी तो उघडून बघितला. "नाही, अण्णा."

"तुझं नव्हे रे. अक्कांचं बघ."

घागरीच्या काठावरून एक ओघळ सीटवर आला होता. मी तसं सांगितलं. अण्णांनी जीभ चावली आणि घागरीकडं बघून खरोखर ओशाळल्यासारखे हसले.

अण्णांचं हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. त्यांचे आजोबा कोल्हापूरकडून आले आणि इथंच राहिले. अण्णा गिऱ्हाइकाला भाव कन्नडमध्ये सांगतात, मनातला हिशेब मराठीत करतात आणि रागावले की दोन्ही भाषा एकदम वापरतात. विद्यानगरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरची खोली मला भाड्यानं मिळाली आहे. माझं गाव अळणावरपासून चालत जाण्याइतकं जवळ. अण्णा दर रविवारी अळणावरला जातात. "एकटाच जातो, चल की," म्हणाले, म्हणून मी जाऊ लागलो. सुरुवातीला बसचं भाडं वाचावं म्हणून जात होतो, हे खरं आहे. नंतर मात्र त्यासाठी जात नव्हतो.

गाडी लाल, बुटकी, मागं पंखासारखी पट्टी लावलेली. कपाळाला गंध, पांढरा शर्ट, साठी ओलांडलेली, अशा माणसाला त्या गाडीतून उतरताना बघून सिग्नलवरची पोरं मोबाईल काढतात. उतरणं म्हणजे आधी एक पाय बाहेर, मग थोडी विश्रांती, मग दुसरा. नवनगरातल्या एका पोराच्या लग्नाची भांडी ठरवायला अण्णा त्याच्या घरी गेले होते. भांडी विकली आणि त्याची गाडी घेऊन आले. जन्मभर दुकानाचा टेम्पो चालवलेला माणूस. त्या पोरानं त्यांना एक चक्कर मारून आणली होती. "वळणावर भिंगरीगत वळली रे," अण्णा अजून सांगतात. "कूस पण बदलली नाही तिनं."

घरी काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, गाडीला ओवाळलं आणि विचारलं, "भिंगरीच पाहिजे होती तर जत्रेत मिळाली असती की."

आता खऱ्या अक्कांबद्दल सांगायला पाहिजे. सुमनअक्का या अण्णांच्या थोरल्या बहीण. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं अण्णांना त्यांनीच वाढवलं. पुढं अळणावरला दिलं. यजमान लाकडाच्या डेपोत कारकून होते. ते गेले, मूलबाळ नाही, आणि अक्का तिथंच स्टेशनजवळच्या घरात एकट्या राहतात. गाडी घेतल्यावर अण्णा पहिल्यांदा गेले ते अक्कांना आणायला. येताना धारवाडच्या अलीकडं एका हंपवर गाडी अशी आपटली की अक्कांचं डोकं वर छताला लागलं आणि कंबरेत कळ भरली. हुबळीला पोचल्यावर काही दिवस त्या पडूनच होत्या, आणि अंथरुणावरून उठल्या त्या तशाच रेल्वेनं परत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "दत्तू, ह्या गाडीत मी परत पाय ठेवणार नाही. घागरीतलं पाणी सांडणार नाही अशी चालेल तेव्हा बघू."

अक्का रागानं बोलल्या होत्या. अण्णांनी ते मापच मानलं.

गाडी विका, असं सगळ्यांनी सांगितलं. टॅक्सी करून आणा, असंही सांगितलं. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "गाडी विकता येते. चूक विकून जाते काय?" अक्कांना आणायचं तर ह्याच गाडीतून, आणि पाणी न सांडता. पण गाडीनं वळणावर भिंगरीगत वळायचं सोडलेलंही त्यांना चालणार नव्हतं. गाडीचं काम करणारे बसवराज मेस्त्री हे ऐकून पहिल्यांदा म्हणाले होते, "अण्णा, घोडा पण पाहिजे आणि पाळणा पण पाहिजे, असं कसं होतंय?"

"होतंय," अण्णा म्हणाले. "घोड्याच्या पाठीवर पाळणा बांध."

बसवराज मेस्त्रींचं गॅरेज हा अण्णांचा दुसरा देव्हारा. अण्णा आत शिरले की मेस्त्री हातातला पाना खाली ठेवतात आणि म्हणतात, "एन्री अण्णा, मत्त बंद्री?" पुन्हा आलात? अण्णा तो स्वागताचा भाग समजतात. गाडी वर उचलली की ते स्वतः खाली वाकून प्रत्येक पार्टवर बोटाच्या पेरानं टकटक करतात. दुकानात पातेलं घेताना गिऱ्हाईक वाजवून घेतं, तसं. "वाजवून घे" हा त्यांचा मंत्रच आहे. शॉक ॲब्सॉर्बर वाजवून त्यात काय कळतं, असं मेस्त्रींनी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "तुला नाही कळायचं, तू भांडी विकली नाहीस." मग थोड्या वेळानं मला हळूच म्हणाले, "मला पण काय कळत नाही. पण न वाजवता घ्यायचं म्हणजे जिवावर येतं."

पहिल्याच तपासणीत कळलं होतं की त्या नवनगरच्या पोरानं गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगांचे वेढे कापून टाकले होते. म्हणून ती जमिनीला टेकायची. अण्णांना हे फार लागलं. "नवी कोरी कळशी घेऊन तिचा काठ कापायचा?" ते कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

गाडीवर दुकानाचा पैसा लावायचा नाही, हा त्यांचा नियम. स्वतःचं पान सोडलं, सणाचे कपडे सोडले. त्यामुळं एका वेळेला एकच पार्ट, आणि तोही सणाला. दसऱ्याला आमच्याकडं आयुधपूजा होते, सगळ्या गाड्यांना हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. अण्णांनी त्या दिवशी पाटावर नव्या स्प्रिंगा मांडल्या, हळदीकुंकू वाहिलं आणि शेजारी कापलेल्या जुन्या स्प्रिंगांनाही एक फूल ठेवलं. "त्यांची काय चूक?" म्हणाले. काकू दारातून म्हणाल्या, "दसऱ्याला स्प्रिंग, दिवाळीला शॉक. माझ्या पाटल्या कधी, गाडीला नातवंडं झाल्यावर?"

पार्ट घेण्याची त्यांची पद्धत तर त्यांचीच. भांड्यांच्या धंद्यात जुनं भांडं मोडीत द्यायचं आणि त्याचं वजन धरून नवं घ्यायचं, अशी रीत आहे. अण्णा स्पेअर पार्टच्या दुकानात जुने शॉक घेऊन गेले, ते काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "हे मोडीत धरा आणि नवे द्या." दुकानदार नवा होता. त्यानं बराच वेळ ती तेलकट नळकांडी बघितली. "हे भंगार आहे, अण्णा." "मग मी काय सोनं म्हणालो? भंगाराची मोड धरा. झिजेची घट कापा पाहिजे तर." मी बाजूला उभा राहून बाहेरच्या पाट्या वाचत होतो. शेवटी दुकानदारानं कंटाळून थोडं कमी केलं. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "बघितलंस? सगळे धंदे सारखेच असतात. त्यांना माहीत नसतं एवढंच."

स्प्रिंगा झाल्या, तर गाडी उड्या मारू लागली. शॉक झाले, उड्या थांबल्या, पण आता ती वळणावर एका बाजूला कलू लागली. घागर सरळ रस्त्यावर शांत बसायची आणि वळणावर अंघोळ घालायची. मग अण्णांनी दुपारी दुकानात परदेशी शर्यतवाल्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. भाषा कळत नव्हती, पण चित्रावरून त्यांना समजलं की दोन चाकांच्या मध्ये एक आडवा दांडा असतो आणि तो जाड असला की गाडी कलत नाही. त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलचा तसा दांडा त्यांनी भंगारवाल्याकडून शोधून आणला. संक्रांतीला तो बसला. मेस्त्री स्वतः चालवून आले आणि पहिल्यांदाच काही न बोलता चहा मागवला.

पण मेस्त्रींनीच एक शंका काढली. "अण्णा, घागरीला मणका कुठं असतो? पाणी सांडलं नाही म्हणजे कंबर दुखली नाही असं काय?"

पुढच्या रविवारी घागरीच्या मांडीवर, म्हणजे तिच्यापुढं, एक डबा होता. त्यात काकूंचे नुकतेच वाळलेले पापड. अळणावरला पोचल्यावर डबा उघडला तेव्हा त्यात पापड नव्हते, पापडाचा भुगा होता. अण्णांनी त्यातली चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "सांध्यातली रबरं, ते बुश, फार कडक झाले. मऊ रबरं पाहिजेत." काकूंनी मात्र संध्याकाळी त्यांना भाताबरोबर तोच भुगा वाढला. नंतरही आठवडाभर वाढला.

आता हे सगळं अक्कांना कसं वाटायचं? अक्का आम्ही आलो की दारात येऊन उभ्या राहायच्या, कमरेवर हात ठेवून. उंच, सडसडीत, आवाज खणखणीत. "सांडलं?" त्या विचारायच्या. "जरासं सांडलं," अण्णा कबूल करायचे. "मग आत ये. हातपाय धू."

मग पायरीवर बसून दोघं बोलायची. विषय एकच, गाडी. अक्कांना सगळं पाठ झालं होतं. "मागचा बुश बदललास काय?" असं त्या चहा गाळता गाळता विचारायच्या. "टायरात हवा जास्त भरत असशील. तुला लहानपणापासून सगळं जास्तच लागतं." मी गावाकडं जाऊन दुपारी परत यायचो तेव्हाही ही दोघं तिथंच असायची, आणि अण्णा सुपारीच्या खांडांची चार चाकं मांडून अक्कांना काहीतरी समजावत असायचे.

अक्कांकडं कामाशिवाय कुणी गेलेलं त्यांना खपत नाही, हे मला गावात कळलं. यजमान गेले तेव्हा नातेवाईक पाळीपाळीनं भेटायला येऊ लागले, हळहळून बोलू लागले. अक्कांनी एकाला कौलं सारखी करायला छपरावर चढवलं, दुसऱ्याला विहिरीचा गाळ काढायला लावलं. "रडायला आलात काय? मग हात तरी कामाला लावा." त्यानंतर येणं आपोआप थांबलं. अण्णाही एकदा सहज गेले होते, तेव्हा "दुकान सोडून कशाला आलास? मी काय बघायची वस्तू आहे?" म्हणून त्यांना उभ्या उभ्या परत पाठवलं होतं. हे मला काकूंनी सांगितलं. मी ते ऐकलं आणि विसरलो. तेव्हाच नीट विचार केला असता तर बरं झालं असतं.

युगादीला, म्हणजे पाडव्याला, मऊ रबरं बसली. मेस्त्रींनी चाकांची अलाइनमेंट करून दिली. त्या रविवारी आम्ही निघालो आणि मी नेहमीप्रमाणं मागून घागरीवर लक्ष ठेवून होतो. नवनगरचा हंप गेला. धारवाड गेलं. अळणावरच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, खड्डे, मग जंगलातली वळणं. अण्णांनी एक वळण मुद्दाम जोरात घेतलं, गाडी भिंगरीगत वळली आणि घागरीतलं पाणी नुसतं थरथरलं. रेल्वे फाटकावरून गेलो तरी काठ कोरडा. मला इतका आनंद झाला की अक्का दारात आल्या आणि अण्णांनी तोंड उघडायच्या आत मीच ओरडलो, "अक्का, एक थेंब सांडला नाही! गाडी एकदम बरोबर झाली!"

अण्णा माझ्याकडं बघत होते. रागानं नव्हे. दुकानात एखाद्यानं काचेचं भांडं पाडल्यावर, ते फुटेपर्यंतच्या क्षणात माणूस जसा बघतो, तसं.

अक्कांनी पुढं येऊन घागरीत डोकावून बघितलं. काठावरून बोट फिरवलं. "खरंच की," म्हणाल्या. मग कमरेवर हात ठेवून, "मग शब्द तो शब्द. पुढच्या रविवारी येते. चार दिवस राहते, आणि झालं तुझं काम."

त्या दिवशी पायरीवर गाडीचा विषय निघाला नाही. दुसरा कुठला विषय दोघांना सापडलाही नाही. आम्ही लवकर निघालो.

धारवाड आलं. मी म्हणालो, "अण्णा, माझं काही चुकलं काय?"

"नाही रे. खरंच बोललास तू." मग गिअर बदलून म्हणाले, "दुकानात शेवटचं भांडं काढून दाखवायचं नसतं, तम्मा. फळी रिकामी दिसते." पुढं एक बैलगाडी आडवी आली म्हणून त्यांनी गाडी हळू केली. "अक्का येईल. चार दिवस राहील. आपल्या घरी तिला करमत नाही, मला माहीत आहे. मग परत जाईल. त्यानंतर रविवारी मी तिकडं कुठलं काम सांगून जाऊ?"

कॉलेजात आल्यापासून खरं बोललं की भलं होतं असं मी धरून चाललो होतो.

पुढचा रविवार आला. काकूंनी खालची खोली झाडून चादर बदलली. आम्ही निघालो तेव्हा पुढची सीट मोकळी होती, तरी मी सवयीनं मागंच बसलो. अण्णांनी त्या दिवशी एकही वळण जोरात घेतलं नाही.

अक्का तयार होत्या. इस्त्रीची साडी, पायात चपला, घराला कुलूप, हातात कापडी पिशवी. शेजारच्या बाईंना मांजराला दूध घालायचं सांगून झालं होतं. त्या पायऱ्या उतरून गाडीपर्यंत आल्या, दाराला हात लावला आणि एकदा मागं वळून आपल्या कुलपाकडं बघितलं.

"थांब अक्का," अण्णा म्हणाले.

ते उतरले. मागच्या चाकाजवळ गेले, कान लावल्यासारखं केलं, आणि रस्त्यावर सरळ आडवे होऊन गाडीखाली शिरले. पांढरा शर्ट, भर रस्ता, समोर चहाच्या टपरीवरची माणसं बघायला लागलेली. आतून टकटक आवाज येऊ लागला. वाजवून घेत होते.

"काय झालं रे?" अक्कांनी विचारलं.

"बुश," गाडीखालून उत्तर आलं. "मागचा बुश गेलाय वाटतंय. आवाज येतोय."

मी येताना मागंच बसलो होतो. कसलाही आवाज नव्हता. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मी गाडीतून उतरून पायरीवर बसलो. अक्का येऊन माझ्याशेजारी बसल्या. पिशवी खाली ठेवली. रस्त्यावर अण्णांचे फक्त पाय दिसत होते, एका पायातली चप्पल निघालेली.

"तो बुश नवाच ना?" अक्कांनी हळू आवाजात विचारलं. "युगादीलाच घातला म्हणत होता."

मला खोटं बोलता येत नाही. आईनं तसं शिकवलंय, आणि आलं तरी चेहऱ्यावर दिसतं. मी म्हणालो, "रबर असतंय, अक्का. त्याचा भरवसा नसतो."

"हं." त्या अण्णांच्या पायांकडं बघत होत्या. "मग आता परत बदलायचा म्हणजे वेळ जाणार."

"जाईल, अक्का. मेस्त्रींकडं न्यायला पाहिजे. मग परत ट्रायल घ्यायला पाहिजे."

"ट्रायल इथवरच घेणार ना?"

"इथवरच. दुसरीकडं असा रस्ता नाही."

अक्कांनी कमरेची किल्ली काढली. उठल्या आणि आपल्या खणखणीत आवाजात त्या पायांना म्हणाल्या, "दत्तू, नीट बघून घे रे. अर्धवट काही करू नकोस. माझी काही घाई नाही."

टकटक थांबली. "हो, अक्का," आतून आवाज आला. तो घोगरा होता. खाली धूळ बरीच होती.

अक्का कुलूप काढायला वळल्या. "चहा टाकते," म्हणाल्या. "तेवढी पिशवी आत घे रे, बाळ."

चार दिवसांचे कपडे म्हणून मी जोर लावून पिशवी उचलली, आणि ती एकदम हातात वर आली. आत एकही कपडा नव्हता. पिशवी फुगलेली दिसावी म्हणून फक्त एक जुनी उशी घातली होती.

मी इकडंतिकडं बघितलं. अण्णा अजून गाडीखाली होते, अक्का पाठमोऱ्या होत्या. मी ती पिशवी दोन्ही हातांनी धरली, जड असल्यासारखा जरा वाकलो, आणि सावकाश आत नेऊन ठेवली.